शिगेचं माप

तराजूवर दुसरी तलंगही जड निघाली. कोंबड्यांचे डॉक्टर तलगात यांनी तिला खाली सोडलं.

"कामशात, पैदाशीच्या कोंबड्या आहेत या, खाटकाच्या नव्हेत. अंड्यांवर येण्याआधीच चरबी धरली तर अंडी कमी आणि मरतूक जास्त. मोजूनच घालता ना? मग कुणीतरी चोरून चारतंय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे कामशातला विचारावं लागलं नाही. अल्माटीबाहेरच्या त्या फार्मवर तिच्या हाती आलेली ही पहिलीच तुकडी. एक दिवस खाद्य, एक दिवस उपास. उपासाच्या दिवशी तलंगा रिकाम्या भांड्यांवर चोची आपटत आणि सासू जाळीपाशी येऊन म्हणे, "भुकेल्या जिवांचे तळतळाट घेऊन कुठं फेडशील गं?"

घरी गेल्या गेल्या कामशात सासूला म्हणाली, "अपा, तुमची दया माझी नोकरी खाणार."

"मी दाणा टाकला नाही. टाकावासा वाटला, हे मात्र खरं."

"मग काय वारा पिऊन फुगल्या?"

म्हातारीने बोचकं बांधलं. आईनं धाकट्या लेकाकडेच राहायचं, ही तिकडची रीत. ती थोरल्याकडे निघून गेली आणि कोणत्या सुनेनं सासू घालवली, याचा हिशेब गावानं त्याच दिवशी मांडला.

पुढच्या वजनाला तलंगा आणखी जड. मग डॉक्टर खाद्य घालताना स्वतः उभे राहिले. कामशातनं माप पोत्यात खुपसलं, वर चांगली शीग आली, तशीच ओतली. दुसरं मापही तसंच.

"अहो, हात फिरवून सपाट करा की ते."

"सपाट?" कामशात हसली. "खाणाऱ्याचा अपमान होतो. मी लग्न होऊन आले तेव्हा अपांनी पहिलं हेच शिकवलं, की माप..."

तिसऱ्या मापाची शीग तिनं हातानं पुसून पोत्यात पाडली.

दुसऱ्या दिवशी ती थोरल्या दिराच्या घरी गेली. सगळं सांगितलं, रडली. "चला घरी, अपा."

"चुकतं गं माणूस," म्हातारी म्हणाली. तिनं रोटी तोडून पुढे ठेवली, साय दिली, नातवंडांची चौकशी केली. कामशातचा जीव भांड्यात पडला. मग म्हातारीनं चहाची किटली उचलली.

माणूस बसावा असं वाटलं तर तिकडे चहाची वाटी अर्धीच भरतात. पुन्हा भरायला निमित्त राहतं. काठोकाठ भरली, की पाहुण्यानं समजून उठायचं.

म्हातारीचा हात अर्ध्यावर थांबला नाही.