सुआचा निळा पट्टा

वहिनीने मांसाचं ताट पुढे केलं आणि तिच्या मनगटातला निळा पट्टा मी लगेच ओळखला. तो सुआच्या गळ्यातला होता. सुआ म्हणजे आमच्या अभ्यासातल्या, माकडासारख्या लेमूरांच्या टोळीची म्होरकी. वर्षातून एकाच दिवशी ती नराला जवळ येऊ देई. तो दिवस बघायला मिळावा म्हणून तीन वर्षं समोर बसून मी तिची माणसांची भीती घालवली होती. “रस्त्यात सापडला,” दादा म्हणाला. पट्टा कुठेच कापलेला नव्हता. मुंडकं छाटल्याशिवाय अख्खा निघत नाही. “लाज नाही वाटली? आपल्या कुळात लेमूर खात नाहीत.” “आजोबांच्या काळी मका पिकायचा. तुला ते गोरे संशोधक पोसतात, तू पाळ कुळाचार.” मी ताट भिरकावलं. “तिच्या पोटाशी पिल्लू होतं, दादा.” “मग पळायचं ना तिने,” तो खेकसला. “मी गोफण उगारली तरी पाला खात बसली, तुझ्यासमोर बसायची तशी.”