एलईडीखालची पिलं

बाजारहत्नूरच्या चंदाबाईची कोंबडी मुंगसानं नेली, तेव्हा मागं राहिलेली पिलं तिनं टोपल्यात घालून वर पिवळा बल्ब सोडला होता. ऐन थंडीत तो उडाला. दुकानदार म्हणाला, आता तसले बल्ब येतच नाहीत. मग तिच्या मुलानं, देवानंदानं, एलईडी आणून लावला. टोपलं लख्ख उजळलं.

सकाळी सगळी पिलं गारठून मेलेली होती. देवानंदानं बल्बला हात लावून पाहिला. तो जेमतेम कोमट होता.

"ह्या बल्बाले गर्मीच नाई माय," तो हळूच म्हणाला. "रातच्याला पाह्यलं नाई का वं तू?"

"दोनदा उठून पाह्यलं न रे," चंदाबाई म्हणाली. "सारे पिल्लं बल्बाखाली चिपकून बसले होते. मले वाटलं, उजेड आवडला त्यायले."