पुस्तकातून काढलेलं पान

"हे पान काढ," प्रफुल सर म्हणाले. "आपल्याच ॲपच्या चुका आपणच छापून देतं का कोणी?"

मोनालीनं ॲपच्या माहितीपुस्तकातलं ते पान काढलं. चारच ओळी होत्या. वाघ जवळ असला की फोन लाल होतो, नसला की हिरवा. पण नेटवर्क गेलं की फोन आधीचाच रंग दाखवत राहतो. हिरवा असला तर हिरवाच, मग वाघ पुढ्यात का असेना. सरांना हे सहा महिन्यांपासून ठाऊक होतं. चंद्रपूरच्या एसी खोलीत वाघ येत नाही, म्हणून खपून गेलं. मोनालीला नोकरी टिकवायची होती, तीही गप्प बसली. पुस्तक छापून गावोगाव वाटलं गेलं. लिहिणारी म्हणून तिचं नाव आलं.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत ती गावी आली. सकाळी उठली तर तिची आई बुधरी घरात नाही. शेजारच्या इंदुताई टोपली घेऊन निघाल्या होत्या. हसत म्हणाल्या, तुझं ॲप आल्यापासून बुधरीबाई कोणासाठी थांबत नाही. एकटीच पुढं जंगलात जाते, आम्हाला म्हणते अर्ध्या तासानं या.

मोनाली चप्पल न घालताच धावली. नाल्यापाशी नेटवर्क संपतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

नाल्यातच आई दिसली. गळ्यातल्या पिशवीत फोन. हिरवागार.

"आई, माघारी चल. थो फोन खोटा आहे. मले माहीत होतं. पुस्तकातून मीच काढलं थे."

बुधरी दचकली नाही. ती पळसाची डहाळी मोडत होती. तिच्या पायाशी ओल्या वाळूत पंजाचे ताजे ठसे होते. तिनं डहाळी वाटेवर आडवी टाकली. आडवी डहाळी दिसली की त्या गावातलं कोणी पुढं पाऊल टाकत नाही.

"पहिल्याच आठवड्यात समजलं मले," ती म्हणाली. "म्हणून तर रोज पुढं येतो."

"मंग बायायले काऊन नाई सांगितलं?"

मागून बायांचे आवाज येऊ लागले होते. बुधरीनं लेकीच्या पायातला काटा बघितला, खाली बसून तो काढला.

"हळू बोल, बाई. पुस्तकावर तुयं नाव आहे."

मोनाली वळली. आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते पान पहिल्या ओळीपासून म्हणू लागली.