अंगणातला चिरक

सोबत काम करणाऱ्या आश्रुबानं मोबाइल पुढं केला आणि गहिनीनाथच्या हातातला चहा हिंदकळला.

"बघ की बे! काय फोटो काढलाय पठ्ठ्यानं."

फोटो चिरकाचा होता. चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळाभोर नर. शेपूट ताठ उभारून तो मोटारसायकलच्या आरशावर तुटून पडला होता. आरशातला दुसरा चिरकही तेवढाच चिडून त्याच्यावर धावून येत होता.

"कुणी काढला?" उत्तर ठाऊक असूनही गहिनीनाथनं विचारलं.

"बद्रीनाथनं. कॅलेंडरला देतोय. उद्या सांजंपर्यंतच फोटो घेणार हायत. यंदा तुझं अवघड हाय बघ."

दूध संघाचं कॅलेंडर गुढीपाडव्याला निघायचं आणि पहिल्या पानावर दरवर्षी गहिनीनाथनं टिपलेलं पाखरू असायचं. वडवणी काय, पाटोदा काय, सगळीकडच्या डेअरीच्या भिंतींवर त्याचं नाव लटकायचं. तसा तो संघात साधा दूध गोळा करणारा. पण त्या एका पानामुळं चेअरमनसुद्धा त्याला नावानं हाक मारत. यंदा पावसानं दगा दिला, दूध आटलं, संघाच्या आवारात जनावरांची छावणी पडली. कॅलेंडर मात्र चुकणार नव्हतं.

आणि बद्रीनाथ तर अलीकडंच आलेला सुपरवायझर. चकचकीत गाडी, डोळ्यांवर गॉगल, बोलणं साखरेत घोळलेलं. छावणीतल्या म्हाताऱ्यासुद्धा त्याला "आमचा बद्री" म्हणायच्या.

गहिनीनाथनं फोटो बोटांनी मोठा केला. चिरकाच्या शेपटीत एक पांढरं पीस होतं. मागं पुसटसं निळं पिंप होतं, त्याच्यामागं हिरवं दार. दारावर बायकोनं, विमलनं दिवाळीत उठवलेले हळदीचे हात.

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दार त्याचं होतं. पिंप त्याचं होतं. पांढऱ्या पिसाचा हा चिरक त्याच्याच अंगणातला. आडापासून शेवग्यापर्यंत त्याची हद्द. त्यात तो दुसऱ्या चिरकाला पाय ठेवू देत नसे. कावळ्यावरसुद्धा धावून जायचा. विमल शेवग्याखाली भांडी घासायची, तेवढ्या ओलीवर त्यानं हा दुष्काळ काढला होता. त्यानं दुसरीकडं कुठं जाणं शक्य नव्हतं. म्हणजे गाडीच त्याच्याकडं गेली होती. गावात कुणाच्या गाडीला आरसे नसत. गोठ्यात म्हशींच्या शिंगांना अडकतात म्हणून लोक ते काढूनच टाकत. दोन्ही आरसे मिरवणारी गाडी एकट्या बद्रीनाथची.

फोटोतलं ऊन दुपारचं होतं. दुपारी गहिनीनाथ छावणीवर असायचा आणि घरात विमल एकटी. मूलबाळ नव्हतं.

बद्रीनाथ चाऱ्याच्या ट्रकपाशी उभा होता. गहिनीनाथ त्याच्यापुढं जाऊन थांबला.

"फोटो चांगला आलाय."

"तुमच्याकडंच बघून शिकलो, भाऊ."

"कुठं घावला?"

बद्रीनाथनं गॉगल काढला, पुसला, पुन्हा चढवला. "असाच एका ठिकाणी. गाडी उभी हुती, पाखरू आलं."

एवढं बोलून तो पेंढ्या उतरवणाऱ्यांवर ओरडायला लागला. गहिनीनाथचे कान तापले. इतकी वर्षं जे आपलं म्हणून जपलं, त्यावर या उपऱ्यानं हात मारावा? तोही आपल्याच अंगणात, आपल्या पाठीमागं? त्याला तिथं क्षणभर थांबवेना. आश्रुबाला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि गाडीला किक मारली.

विमल उंबऱ्यात ज्वारी पाखडत बसली होती. नवऱ्याला अवेळी बघून तिच्या हातातलं सूप थांबलं.

"कावून आलात?"

"बद्रीनाथ येतो का इथं?"

ती खाली बघत म्हणाली, "येतो."

"कवापासनं?"

"संक्रांतीपासनं."

"रोज?"

"तुमी छावणीवर गेल्यावर."

गहिनीनाथनं खांबाला हात टेकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला लपवता येईना. "गाडी कुठं लावतो?"

"आडाजवळ. म्हंजी रस्त्यावरनं दिसू नये म्हणून."

"आन् मला येका शब्दानं सांगितलं न्हाईस."

"काय सांगू?" विमलनं सूप बाजूला ठेवलं. "त्यो माज्याशी बोलतो. जेवलीस का, काय दुखतंय का, इचारतो. तुमी घरी आलात की पाखरं, आन् पाखरं उडाली की कॅमेरा पुसत बसता. मागल्या म्हैन्यात मी तापानं फणफणले हुते, ठावं तरी हाय का तुमाला?"

गहिनीनाथनं बाहीनं डोळे पुसले.

"त्यो संग चल म्हणतोय. मी हो म्हणलंय. उंद्या सकाळी न्यायला येणार हाय. तुमी छावणीवर गेल्यावर निघायचं ठरलं हुतं. बरं झालं, तोंडावर सांगितलं. आता मारा न्हाईतर घराबाहेर काढा."

शेवग्यावर चिरक शीळ घालत होता. विमल मान ताठ करून उभी राहिली. गहिनीनाथनं खांबावरचा हात काढला. आता तो उठणार आणि आपल्या गालावर पडणार, असं धरून तिनं डोळे मिटले.

"सकाळीच येणार ना? नक्की?"

"हं."

"मग त्याला म्हणावं," गहिनीनाथ शेवग्याकडं बघत म्हणाला, "गाडी आडाजवळ न्हाई, दारासमोर लाव. आन् लगीच निघू नका. आरशावर ऊन यायला जरा येळ लागतो."