जाड थेंब

"मलेरिया नाही." सासूबाईंनी लॅबच्या खिडकीतून कागद सरकवला. तापाने फणफणलेला रंगारी बायकोचा हात धरून उठला. त्यांच्या गावाची बस दहा मिनिटांत सुटणार होती.

लॅबमध्येच काम करणाऱ्या सुनेने त्याच्या रक्ताची काच सहज उजेडात धरली आणि ती खाली ठेवलीच नाही. काचेवर रक्ताचे दोन डाग असतात. पातळ डाग स्पिरिटमध्ये बुडवायचा, म्हणजे लाल पेशी शाबूत राहतात. जाड थेंबाला मात्र स्पिरिटचा वाराही लागू द्यायचा नाही. तिथे पेशी पाण्याने फुटाव्या लागतात, तरच आत दडलेले जंतू उघडे पडतात. हा थेंब लालभडक होता. एकही पेशी फुटली नव्हती.

"आई, अख्खी काच बुडवलीत तुम्ही."

"तीस वर्षं काचा बघतेय मी! तू मला शिकवणार?"

"आज शिकवते." घरी भाजीत मीठ विचारून घालणारी सून जागची हलली नाही. "अहो दादा, थांबा! बस गेली तर जाऊ दे."

"आणि माणूस गेला तर?" रंगाऱ्याची बायको कडाडली.

"म्हणूनच थांबा म्हणतेय, ताई. शिव्या नंतर द्या, आधी त्यांचं बोट द्या."

नवी काच पंख्याखाली वाळली, रंगली. बस केव्हाच निघून गेली होती. जाड थेंबात जंतूंचे ठिपकेच ठिपके होते. पातळ डागात तर एकेका लाल पेशीत अंगठीच्या आकाराचे दोन-दोन जंतू.

"भाडेकरू घरात शिरावा, आतलं सगळं खावं आणि जाताना भिंती पाडाव्यात, तसं चाललंय," सून बायकोला म्हणाली. "पेशी फुटतात तेव्हाच यांना हुडहुडी भरते. आता औषध मिळेल. वेळेत सापडलं."

सासूबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन्ही डाग तपासले. मग पहिला कागद फाडला, नवा लिहिला आणि सुनेपुढे सरकवला.

"सही तू कर."

बायकोने रंगाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. सासूबाईंनी सकाळचा ट्रे पुढे ओढला आणि एकेक काच उजेडात धरली. अकरा काचा. अकराही लालभडक.

"मी लावते फोन सगळ्यांना," सून म्हणाली.

"तू बोटं टोचायची तयारी कर." सासूबाईंनी चष्मा पुसला, रजिस्टर उघडलं आणि रिसीव्हर उचलला. "हॅलो, लॅबमधून बोलतेय. माझी चूक झालीय. आत्ताच्या आत्ता परत या."