फुग्यावरचा हात

मनगटातल्या नसेला विजेचा हलका झटका बसला, आणि त्या नसेनं आजवर बोटांना धाडलेले हुकूम तपासणी यंत्राच्या पडद्यावर तारीखवार उमटू लागले. सोजरबाईंच्या नसेत एकच हुकूम होता: दर चार सेकंदांनी मूठ आवळ. सहा वर्षं त्या अंथरुणाला खिळलेल्या लेकाला श्वास देणारा फुगा हातानं दाबत होत्या.

“त्या दुपारी माझाच डोळा लागला,” त्या म्हणाल्या. “मीच मारलं त्याला.”

“नाही, मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्या दुपारीही हुकूम एकदासुद्धा चुकला नाही. नस दबलेली होती. बोटांपर्यंत तो पोचलाच नाही.”

सोजरबाई मनगट चोळू लागल्या.

“महिनाभर आधीपासून मुंग्या येत होत्या, बाई. पण दाखवायला कशी येणार? फुगा कुणाच्या हाती देऊन?”