मालकाचा हिस्सा

चुलीवरचा चहा उकळताना ऐकू आला, तशी हौसाक्का खुदकन हसली आणि पदर सावरत बाळगोंडाअण्णांच्या घराकडे निघाली.

अण्णांच्या यंत्रमागांवर तिनं उभी हयात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. दर पगाराला तिच्या कानांतली थोडी श्रवणशक्ती कापून निवृत्तीच्या निधीत जमा व्हायची, म्हणजे मागांचा खडखडाट तेवढीला तरी शिवणार नाही. आता काम सुटल्यावर दवाखान्यात ती परत मिळाली, आणि कापली होती त्याच्या दुप्पट मिळाली.

"अण्णा, तुमच्यामुळं ऐकायला लागले बघा," ती हळूच म्हणाली.

घराच्या पुढच्या सोप्यात बसलेले अण्णा नुसतेच हसले.

"त्यांना ऐकू येत न्हाई, आक्का," त्यांची सून म्हणाली. "कामगाराचं जेवढं कापायचं, तेवढंच मालकानं आपल्या कानांतलं भरायचं, असा कायदा हाय. बाकीच्या मालकांनी कामगार कागदावर दाखवलेच न्हाईत. मामंजींनी एक महिना चुकवला न्हाई."

हौसाक्का अण्णांच्या समोर जाऊन बसली. मागांच्या गोंगाटात सगळेच हातखुणांनी बोलायचे, म्हणून त्यांचे कान गेल्याचं तिला कधी कळलंच नव्हतं.

त्या हातखुणांत आभाराची खूण नव्हती. तिनं दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींजवळ आणून हलकाच पीळ दिला. तुटलेला धागा जोडला, असा त्याचा अर्थ.

अण्णांचे डोळे भरून आले. पण हात मात्र मालकाच्या जुन्या तोऱ्यात खूण करत हवेत फिरला.

मग थांबलीस कशाला? चालू कर माग.